विश्लेषण : ‘व्हेरी रेअर’ चाकू खरेच दुर्मीळ असतो का? ऑनलाइन दाव्यांची पारख कशी करायची?

ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर ‘केस ट्रॅपर, १९७०, टेन डॉट, व्हेरी रेअर’ अशा मथळ्याखाली एक घडीचा चाकू विक्रीला येतो. दोन पाती, हाडाची मूठ, वजन जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. तशाच घडणीचा, त्याच कंपनीचा कोरा चाकू त्याहून बऱ्याच कमी किमतीत मिळतो. वरची सगळी रक्कम मोजली जाते ती ‘१९७०’ आणि ‘रेअर’ या दोन शब्दांसाठी. त्यातले वर्ष तपासता येते, ‘रेअर’ मात्र विक्रेत्याच्या मर्जीवर असते. जुने खिशातले चाकू जमवण्याचा छंद मुख्यत्वे अमेरिका आणि युरोपातला. पण बाजार ऑनलाइन असल्याने पुण्या-मुंबईतला हौशी संग्राहकही त्याच लिलावात बोली लावू शकतो. फरक इतकाच की चाकू हातात घेऊन पाहण्याची संधी त्याला मिळत नाही. आठ-दहा छायाचित्रे आणि चार ओळींचे वर्णन यांवरच निर्णय घ्यावा लागतो.

दुर्मीळ म्हणजे नेमके काय?

दुर्मीळपणा दोन तऱ्हांचा असतो आणि विक्रेते त्यांची सरमिसळ करतात. काही वस्तू मुळातच कमी बनतात. काही वस्तू भरपूर बनतात, पण टिकतात कमी. शेतकरी, सुतार किंवा ट्रकचालकाच्या खिशातला चाकू रोज वापरला जातो, दगडावर घासला जातो, पाते झिजून निमुळते होते, शेवटी कुठेतरी पडून हरवतो. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वी हजारोंच्या संख्येने बनलेला साधा चाकू आज मूळ पात्यासह, न वापरलेल्या अवस्थेत सापडणे खरोखर अवघड असते.

याउलट, आज ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून निघणारा चाकू पहिल्या दिवसापासून कपाटात जातो. खोका, प्रमाणपत्र, क्रमांक सगळे जपून ठेवले जाते. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीने १८९७च्या मूळ ‘ऑफिसर्स’ चाकूची स्मरणप्रत काढली ती ९,९९९ नगांची. हा आकडा ऐकायला मर्यादित वाटतो. पण त्यातले जवळपास सगळे नग वीस वर्षांनीही खोक्यासकट शाबूत असतील, कारण ते वापरण्यासाठी कुणी घेतलेलेच नाहीत. एखाद्या जुन्या चाकूचे लाखभर नग बनून त्यातले दोनशे चांगल्या स्थितीत उरले असतील, तर ९,९९९ नगांच्या आवृत्तीपेक्षा तो कितीतरी दुर्मीळ ठरतो. त्याच्या खोक्यावर मात्र तसे काही छापलेले नसते.

‘लिमिटेड’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. व्हिक्टोरिनॉक्स गेली अनेक वर्षे ॲलॉक्स, म्हणजे उठावदार नक्षीच्या ॲल्युमिनियम मुठीच्या चाकूंचा दरवर्षी एक वेगळा रंग काढते. तिथे मर्यादा असते ती प्रामुख्याने वर्षाची. रंग पुढच्या वर्षी बदलतो, पण त्या वर्षात किती नग निघाले हे नगावरून कळत नाही. अशा चाकूला ‘२०१९ लिमिटेड, आता मिळणार नाही’ असे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खोटे नाही. मात्र त्यातून संख्या सिद्ध होत नाही.

ठिपके मोजून वर्ष कसे कळते?

दाव्याची तपासणी सर्वात सोपी आहे ती केस कंपनीच्या चाकूंत. डब्ल्यू. आर. केस अँड सन्स ही १८८९मध्ये सुरू झालेली, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड येथील कंपनी. १९९३पासून ती लायटर बनवणाऱ्या झिप्पोच्या मालकीची आहे. पाते मुठीत जिथे शिरते त्या बुडाच्या भागाला ‘टँग’ म्हणतात. त्यावरचा शिक्का काळानुसार बदलत गेला. साधारण १९२० ते १९४० या काळात ‘केस टेस्टेड डबल एक्स’, १९४० ते १९६४ नुसते ‘केस डबल एक्स’, १९६५ ते १९६९ त्याखाली ‘यूएसए’.

१९७०मध्ये कंपनीने ठिपक्यांची पद्धत आणली. त्या वर्षी शिक्क्याखाली दहा ठिपके होते. पुढे दरवर्षी एक ठिपका कमी होत गेला. म्हणजे सहा ठिपके असतील तर १९७४, एकच असेल तर १९७९. हिशेब सरळ आहे, पण खाचखळगा पुढे आहे. १९८०मध्ये कंपनीने पुन्हा दहा ठिपक्यांपासून सुरुवात केली आणि पुन्हा दरवर्षी एक कमी करत नेला. दोन्ही दशकांतला फरक कळावा म्हणून ‘केस’ या इंग्रजी नावातले ‘एस’ अक्षर विजेच्या रेघेसारखे टोकदार केले. त्यामुळे दहा ठिपके आणि टोकदार ‘एस’ असलेला चाकू १९८०चा असतो, १९७०चा नाही. ‘टेन डॉट’ एवढेच लिहिलेल्या जाहिरातीत ठिपक्यांआधी पाहायचे ते हे अक्षर. छायाचित्र धूसर असेल तर विक्रेत्याकडून टँगचा जवळून काढलेला फोटो मागवणे एवढाच उपाय असतो. तो फोटो द्यायला टाळाटाळ होत असेल तर तेही एक उत्तरच समजावे.

आणि चाकू खरोखर १९७०चा असला तरी? जुना ‘यूएसए’ शिक्का बंद होऊन ठिपके येणार हे कळल्यावर संग्राहकांनी आणि दुकानदारांनी जुना माल भराभर उचलून ठेवला, असे या छंदातल्या मार्गदर्शक पुस्तकांत सांगितले जाते. शिक्के बदलण्याकडे लोकांचे लक्ष गेले ते तेव्हापासून. म्हणजे १९६९-७०च्या आसपासचे चाकू न वापरता जपले जाण्याची शक्यता त्याआधीच्या चाकूंपेक्षा जास्त. ‘पहिल्या वर्षीचा’ हा शब्द नाण्यांपासून टपाल तिकिटांपर्यंत सगळीकडे भाव खातो. पण पहिल्या वर्षीची वस्तूच लोक सर्वाधिक जपून ठेवतात, ही त्यातली मेख आहे.

मूठ आणि क्रमांक जुळतो का?

केसच्या चाकूवर, साधारण १९५०च्या सुमारापासून, टँगच्या दुसऱ्या बाजूला नमुन्याचा क्रमांक असतो. ट्रॅपरचा प्रसिद्ध क्रमांक ६२५४. यातला पहिला आकडा मुठीचे साहित्य सांगतो, दुसरा पात्यांची संख्या आणि उरलेले दोन घडणीचा नमुना. सहा म्हणजे खाचा पाडलेले हाड, पाच म्हणजे हरणाचे शिंग, तीन म्हणजे पिवळी कृत्रिम मूठ. आता विक्रेता म्हणतो, ‘दुर्मीळ शिंगाच्या मुठीचा ट्रॅपर’ आणि टँगवर मात्र ६२५४ आहे. शिंगाची मूठ असती तर आकडा पाचने सुरू व्हायला हवा होता. मूठ नंतर कुणीतरी बदलली, असा निष्कर्ष त्यातून निघतो. ही तपासणी दहा सेकंदांत होते आणि तिला कुठल्याही तज्ज्ञाची गरज लागत नाही.

हाडाच्या मुठीत ‘रेड बोन’ हा एक जादूई शब्द आहे. १९४० ते १९६४ या काळातल्या काही मुठींवर रंगाची प्रक्रिया अशी झाली की हाड गडद लालसर दिसते. संग्राहक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. साहजिकच तांबूस झाक असलेला प्रत्येक तपकिरी चाकू जाहिरातीत ‘रेड बोन’ होतो. फोनच्या कॅमेऱ्यात पिवळ्या दिव्याखाली तर सगळेच हाड लाल दिसते. मुठीच्या दोन्ही बाजूंचे, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले फोटो मागितले की बरेच ‘रेड बोन’ तपकिरी होतात. एक बाजू लाल आणि दुसरी फिकट असेल तर एक बाजू बदललेली किंवा उन्हाने उतरलेली असू शकते.

सर्वात अवघड प्रकरण म्हणजे ‘ट्रान्झिशन’ चाकू. शिक्का बदलला त्या काळात कारखान्यात जुनी पाती शिल्लक असायची. त्यामुळे एका पात्यावर जुना आणि दुसऱ्यावर नवा शिक्का असलेले चाकू खरोखर बाहेर पडले. ते अस्सल आणि तुलनेने कमी आहेत. पण दोन तुटक्या चाकूंची पाती एकत्र करून घरच्या घरी असाच चाकू जुळवता येतो. एकच खूण अस्सलपणाचीही आणि बनावटीचीही असू शकते. अशा वेळी शिक्क्यापेक्षा रिव्हेट बोलतात. मुठीचे हाड जुने, सुकलेले, बारीक भेगा पडलेले आणि त्यातली रिव्हेटची डोकी मात्र चकचकीत, नुकती ठोकल्यासारखी असतील तर चाकू उघडला गेला आहे. एक पाते दगडावर झिजलेले आणि शेजारचे पूर्ण रुंदीचे असेल, तर त्याचेही कारण विचारायला हवे. मोठे पाते जास्त वापरले जाते हे खरे, पण बुडाशी असलेली झीज आणि काळपट थर दोन्हीकडे साधारण सारखा असायला हवा.

शिक्काच बनावट असेल तर?

कारखान्यात शिक्का मारला जातो तो पाते कडक करण्याआधी. नंतर घासकाम आणि पॉलिश होते, त्यामुळे अक्षरांच्या कडा त्या प्रक्रियेतून गेलेल्या असतात. तयार झालेल्या कडक पोलादावर पुन्हा शिक्का मारणे अवघड, म्हणून बनावट करणारे बहुधा कोरतात किंवा आम्लाने खरवडतात. खोली असमान दिसते. पाते आणि टँग झिजलेले, गंजाचे खड्डे पडलेले, पण अक्षरे मात्र काल काढल्यासारखी धारदार, हे चित्र संशयास्पद आहे. उलट प्रकारही घडतो. जुना गंज काढण्यासाठी चाकू बफिंगच्या चाकावर घासतात, मग अक्षरे पुसट होतात आणि पात्याच्या कडा गोलसर होतात. विक्रेता त्याला ‘क्लीन’ म्हणतो. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र तो चाकू खराब झालेला असतो, कारण घासून गेलेले पोलाद परत येत नाही. करडा काळपट थर असलेले, न चमकवलेले पाते बरेचदा जास्त किंमत मिळवते. भांडी लखलखीत घासण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या खरेदीदाराला हे पटायला थोडा वेळ लागतो.

नावावरून खोटेपणा कसा उघड होतो?

स्विस चाकूंच्या बाबतीत साध्या इतिहासानेही काम होते. कार्ल एल्सनर यांनी इबाख येथे १८८४मध्ये कार्यशाळा सुरू केली. स्विस सैन्याने १८९०चा सैनिकी चाकू निश्चित केला तेव्हा एवढा माल बनवण्याची क्षमता देशात नव्हती, म्हणून पहिला पुरवठा जर्मनीतल्या झोलिंगन येथील वेस्टर अँड कंपनीने केला. एल्सनर यांचा माल १८९१पासून जाऊ लागला. आईच्या निधनानंतर १९०९मध्ये त्यांनी ‘व्हिक्टोरिया’ हे नाव घेतले आणि १९२१मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचा निदर्शक ‘इनॉक्स’ त्याला जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले. तेव्हा ‘१८९१चा मूळ व्हिक्टोरिनॉक्स सैनिकी चाकू’ असे वर्णन असेल आणि पात्यावर व्हिक्टोरिनॉक्स हेच नाव असेल, तर ती वस्तू स्मरणप्रत तरी आहे किंवा गैरसमज तरी. कंपनी आपले स्थापनावर्ष १८८४ मिरवते, ते नगाच्या जन्माचे वर्ष नव्हे. सैन्यासाठीच्या ॲल्युमिनियम मुठीच्या १९६१ नमुन्याच्या चाकवांवर टँगवर वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. हा नमुना २००८मध्ये नवा येईपर्यंत दशकानुदशके बनत राहिला. तो ‘लष्करी’ आहे हे खरे, दुर्मीळ असेलच असे नाही.

‘कंपनी बंद झाली’ हा दावाही असाच. वेंगर ही स्विस चाकू बनवणारी दुसरी कंपनी २००५मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने घेतली आणि पुढे त्या नावाने चाकू निघणे थांबले. त्याआधी शंभर वर्षे वेंगर चाकू बनवतच होती, त्यामुळे बाजारात ते आजही विपुल आहेत. त्यातले काही नमुने खरोखर कमी सापडतात, पण त्यासाठी नमुन्याचे नाव हवे. फ्रान्सच्या ओपिनेलचे उदाहरण याच्या उलट. लाकडी मुठीच्या या चाकूचे एकेकाळी १ ते १२ असे आकार होते. त्यातले १ आणि ११ क्रमांक १९३५मध्ये बंद करण्यात आले. उत्पादन थांबलेला, वापरून हरवण्याजोगा, स्वस्त आणि छोटा चाकू. इथे जुना नग दुर्मीळ असण्याला कारण सांगता येते.

‘पन्नासपैकी एक’ हा आकडा कुठून येतो?

थोडे गणित करून पाहू. समजा, एका कारखान्याने एका नमुन्याचे ६,००० चाकू बनवले. मुठीचे सहा रंग, पात्याचे पाच प्रकार आणि खोक्याच्या चार तऱ्हा. सहा गुणिले पाच गुणिले चार म्हणजे १२० जोड्या. प्रत्येक जोडीच्या वाट्याला पन्नास चाकू आले. आता सहा हजारांपैकी कुठलाही चाकू उचला, त्याचा मालक प्रामाणिकपणे म्हणू शकतो की हा ‘पन्नासपैकी एक’ आहे. दुर्मीळपणा चाकूत नव्हता, तो वर्णनाच्या लांबीत होता. जाहिरातीत जितकी विशेषणे जास्त तितका भागाकार बारीक. म्हणून विचारायचे ते हे, की त्या नेमक्या फरकाला पैसे मोजणारे दुसरे कुणी आहे का? ठिपक्यांच्या फरकाला आहे, रेड बोनला आहे. खोक्यावरच्या स्टिकरच्या रंगाला बहुधा नाही.

विशिष्ट दुकानासाठी किंवा वितरकासाठी काढलेल्या छोट्या मालिकांतही हीच चलाखी होते. ‘३००पैकी १७’ असे कोरलेले असते, पण तीच मालिका पाच वेगळ्या मुठींत निघालेली असते. तीनशे हा आकडा खरा, पूर्ण हिशेब पंधराशेचा.

किंमत कशावरून ठरवायची?

मागितलेली किंमत ही किंमत नसते. कुणीही काहीही मागू शकतो आणि तीन वर्षे तसाच पडून राहिलेला चाकूही शोधात सर्वात वर दिसतो. ईबेसारख्या संकेतस्थळांवर ‘विकले गेलेले’ व्यवहार वेगळे पाहण्याची सोय आहे. पाहायचे ते तिथे. तोच नमुना, तोच शिक्का, तशीच स्थिती असे मागचे पाच-सात व्यवहार सापडले तर किमतीचा पट्टा दिसतो. शिवाय आणखी एक गोष्ट कळते. गेल्या दोन महिन्यांत असे दहा नग विकले गेले असतील तर ‘कधीच दिसत नाही’ हा दावा तिथेच संपला.

व्यवहार अगदी मोजकेच असतील तर मात्र सावध राहावे लागते. लिलावात भाव चढायला दोन हट्टी माणसे पुरतात. त्यातल्या एकाला चाकू मिळाला की पुढच्या वेळी दुसराच एकटा उरतो आणि तोच चाकू निम्म्या भावात जाऊ शकतो. एका विक्रमी बोलीवरून ‘बाजारभाव’ सांगणारी जाहिरात म्हणूनच फारशी कामाची नाही.

छायाचित्र उलट शोधून पाहणे हा आणखी एक बिनखर्चाचा मार्ग. तोच फोटो जुन्या, संपलेल्या लिलावात सापडला तर विक्रेत्याकडे वस्तू आहे का, इथूनच प्रश्न सुरू होतो. आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीशेजारी चाकू ठेवून फोटो मागणे संग्राहकांत अगदी सर्रास चालते. त्याचा राग धरणारा विक्रेता बहुधा अनोळखी लोकांना माल विकणारा नसतो.

आपल्याकडचा ‘रामपुरी’?

उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू हिंदी सिनेमामुळे मराठी घरांतही ठाऊक आहे. ‘जुना अस्सल रामपुरी’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या चाकूची पारख मात्र केसपेक्षा कठीण आहे. हे काम छोट्या कारागिरांचे. वर्षानुसार बदलणारा शिक्का नाही, कारखान्याचे कॅटलॉग नाही. रामपूर शहरात २०२३मध्ये चौकात भलामोठा चाकू उभारला गेला, त्यानंतर या नावाचे कुतूहल पुन्हा वाढले. पण ‘साठच्या दशकातला’ हे सिद्ध करायला विक्रेत्याच्या शब्दापलीकडे सहसा काहीच नसते. अशा चाकूची किंमत कारागिरी पाहून द्यावी, वय पाहून नव्हे.

भारतात मागवताना अडचण कुठे येते?

शस्त्र नियम, २०१६नुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे, घरगुती वा शेतीकामासाठी न बनवलेले चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. खिशातला चाकू सहसा याच्या खूप खाली असतो. पण बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंचा प्रश्न वेगळा आहे. दिल्लीत १९८०च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद पात्याच्या, यांत्रिक कळीने उघडणाऱ्या चाकूंच्या निर्मिती आणि विक्रीवर बंधने आणली. ‘दुर्मीळ इटालियन स्विचब्लेड’ पाहून हात सैल सोडण्याआधी हे ध्यानात असलेले बरे. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश शहरांत वरचेवर निघतात. त्यात चाकू जवळ बाळगून सार्वजनिक ठिकाणी फिरण्यावरही बंदी असते. चाकू घरच्या कपाटात असणे आणि खिशात असणे यांत म्हणूनच फरक पडतो.

मुठीचे साहित्य ही त्याहून गंभीर बाब. जुन्या युरोपीय चाकूंना हस्तिदंताच्या मुठी असत. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या दुरुस्त्यांनंतर आयात हस्तिदंताचाही व्यापार बंद आहे आणि ईबेनेही २००९पासून त्याची विक्री थांबवली. तरी ‘हाड’ किंवा ‘जुने पांढरे साहित्य’ अशा आडवळणाच्या शब्दांत असे चाकू दिसतात.

अमेरिकी जाहिरातींत एक शब्द वारंवार येतो, ‘जेन्युइन इंडियन सांबर स्टॅग’. अनेक अमेरिकी कंपन्यांच्या शिंगाच्या मुठींसाठी सांबराची गळलेली शिंगे भारतातून जात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली आणि त्यानंतर जुन्या साठ्यातल्या शिंगाची किंमत वाढत गेली. दुर्मीळपणाचा हा दावा बहुतेक वेळा खरा असतो, त्यामागचे कारणही ठाऊक आहे. पण सांबर इथे संरक्षित प्राणी असल्याने तेच शिंग मुठीच्या रूपात परत भारतात मागवणे म्हणजे सीमाशुल्क आणि वन विभाग या दोघांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची तयारी ठेवणे. पार्सल अडकू नये म्हणून काही विक्रेते पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहून किंमत दहा-वीस डॉलर दाखवण्याची तयारी दर्शवतात. तसे केल्यास खोट्या घोषणेची जबाबदारी भारतातल्या खरेदीदाराच्याही अंगावर येऊ शकते आणि वाटेत पार्सल हरवलेच, तर भरपाई बहुधा त्या दहा-वीस डॉलरचीच मिळते.